पार्श्वभूमी : घरच्या संगणकावर चालणारे दिवे आणि पंप

फोंड्याच्या कुळागरात वीज परतली की पंप आपोआप सुरू व्हावा, डिचोलीच्या बंद घरातला पडवीचा दिवा पणजीहून लावता यावा, एवढ्यासाठी आज कोणीही जुना लॅपटॉप कामाला लावू शकतो. पण कुठलं सामान घ्यावं हे ठरवण्याआधी या खटाटोपाचा मागचा प्रवास माहीत असलेला बरा.

1975 मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेनरॉथिस गावातल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने एक्स-10 ही पद्धत काढली. नवी वायर ओढायची नाही, घरातल्या विजेच्या वायरीतूनच हुकूम धाडायचा. विजेची लाट शून्यावरून जाते त्या क्षणी 120 किलोहर्ट्झचा छोटासा संकेत सोडायचा. संकेत आला तर एक, नाही आला तर शून्य. सोळा अक्षरं, प्रत्येकाखाली सोळा क्रमांक, म्हणजे 256 पत्ते. फार देखणी कल्पना होती ती. 1978 पासून अमेरिकेतल्या दुकानांत हे सामान मिळू लागलं. पुढे संगणकाच्या सिरियल पोर्टला जोडायचा डबा आला. वेळापत्रक संगणकावर तयार करायचं, डब्यात उतरवायचं, मग संगणक बंद केला तरी दिवे वेळेवर लागत.

दोष दोन होते. थ्री फेज जोडणीच्या घरात एका फेजवरचा संकेत दुसऱ्यावर नीट पोचत नसे, आणि दिवा खरोखर लागला का, हे दिव्याला जोडलेल्या साध्या मॉड्यूलकडून (हुकूम झेलणाऱ्या डबीकडून) कळत नसे. शिवाय अमेरिकेतलं सामान 120 व्होल्टचं, आपल्या घरात 230.

आपल्यासाठी दार उघडलं ते हुकूम वायरीऐवजी वाय-फायने जाऊ लागल्यावर. 2012 मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक आला, 2014 मध्ये ईएसपी8266 ही स्वस्त वाय-फाय चिप. दरम्यान 2013 मध्ये पाउलस स्काउटसेन यांनी पायथॉन या संगणकाच्या भाषेत होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं होतं. ते फुकट आहे, आणि सगळा कारभार घरातल्याच संगणकावर चालतो.

माझ्या मते हाच मुद्दा कळीचा. याच काळात बाजार मात्र कंपन्यांच्या सर्व्हरकडे, म्हणजे इंटरनेटपलीकडच्या त्यांच्या संगणकांकडे, वळला होता. रिव्हॉल्व्ह नावाचा हब, म्हणजे घरातली उपकरणं एकत्र चालवणारा डबा, बनवणारी कंपनी गूगलच्या नेस्टने 2014 मध्ये विकत घेतली आणि मे 2016 मध्ये त्या हबची सेवाच बंद केली. लोकांच्या घरातले चालू हब निकामी झाले. आपल्याकडे तर पावसाळ्यात माडाचं झावळं केबलवर पडलं की इंटरनेट जातं. हुकूम घरातल्या घरात फिरत असेल तर राउटर आणि संगणक इन्व्हर्टरवर ठेवले की काम भागतं. म्हणून विकत घेताना दुकानदाराला एकच विचारा: इंटरनेट नसताना हे चालतं का?

पंपाचं तेवढं वेगळं. वाय-फायच्या छोट्या रिलेवर (हुकुमाने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) मोटर थेट चढवू नका. रिलेने स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची (जड भार पेलणाऱ्या स्विचची) कॉइल चालवावी, मोटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा, आणि ही जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.