ढगांच्या गडगडाटानं फिंचची अंडी पोकळ होत नाहीत

बेळगाव, खानापूरकडे वळीव गडगडला की पिंजऱ्यात पाळलेल्या फिंच या छोट्या पक्ष्यांची अंडी बाद होतात, असा समज आहे. म्हणून काहीजण घरट्यात लोखंडी खिळा ठेवतात. पण अंडं फळतं ते मादीच्या पोटातच, कवच चढण्याआधी. नंतर ढग काय बिघडवणार?

जोडी उबवायला बसल्यापासून सातव्या दिवशी, अंधारात अंड्यामागे बारीक टॉर्च धरा. तांबड्या शिरा दिसल्या तर फळलेलं; नुसतंच पिवळसर, आरपार दिसलं तर पोकळ, म्हणजे न फळलेलं. शिरा येऊन मग काळवंडलं, तर पिल्लू आत मेलंय, त्याची कारणं वेगळी.

पोकळ निघाली तर आधी पिंजऱ्यातली बसायची दांडी हलवून बघा. डुगडुगत्या दांडीवर जुगताना नराचा तोल जातो. दोन्ही टोकं तारेनं आवळा. बेंगॉली फिंचमध्ये नर-मादी सारखेच दिसतात, गातो तो नर. एका घरट्यात आठ-दहा अंडी असली तर बहुधा दोन्ही माद्याच! खिळ्यानं त्यांचा नर होत नाही.