मुलांच्या रोजनिश्या, जर्मनव्याप्त यूरोपातील

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताब्यात गेलेल्या प्रदेशांतील मुलामुलींनी लिहिलेल्या आणि इतिहाससाधन म्हणून वापरल्या जाणाऱ्या खाजगी रोजनिश्या. त्यांतील विशेष अभ्यासल्या गेलेल्या रोजनिश्या ज्यू मुलांच्या आहेत.

सरकारी दप्तरात हुकमाची तारीख सापडते. तो हुकूम गावात कसा उतरला, हे या वह्यांतून कळते. पोलंडमधील क्राइनो या खेड्यातील दाविद रुबिनोविच (१९२७–४२) याची शाळेच्या पाच वह्यांतील रोजनिशी २१ मार्च १९४० रोजी सुरू होते, तीच मुळी ज्यूंना वाहनप्रवासाची बंदी करणाऱ्या जाहीर सूचनेच्या नोंदीने. १२ फेब्रुवारी १९४२ च्या नोंदीत ज्यूविरोधी भित्तिपत्रांचे वर्णन आहे : एकात ज्यू माणूस खिम्यात उंदीर घालतो, दुसऱ्यात दुधात पाणी ओततो. ती पाहून हसणारे लोक आणि शरमेने दुखू लागलेले आपले डोके, दोन्हींची नोंद त्याने केली आहे. १ जून १९४२ ची अखेरची नोंद वाक्याच्या मध्येच तुटते.

संहितेचा प्रश्न सर्वाधिक चर्चिला गेला तो ॲम्स्टरडॅममध्ये लपून राहिलेली ज्यू मुलगी ॲन फ्रँक (१९२९–४५) हिच्या रोजनिशीबाबत. लंडनस्थित निर्वासित डच सरकारच्या एका मंत्र्याने २८ मार्च १९४४ रोजी नभोवाणीवरून युद्धकाळातील पत्रे व रोजनिश्या जपण्याचे आवाहन केले. त्यानंतर, बहुधा मे महिन्यात, ॲनने प्रसिद्धीच्या हेतूने सुट्या कागदांवर पुनर्लेखन आरंभिले. मूळ लेखनास ‘अ’, पुनर्लेखनास ‘ब’ आणि वडील ओटो फ्रँक यांनी दोहोंवरून सिद्ध करून १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संहितेस ‘क’ म्हणण्याचा प्रघात १९८६ च्या चिकित्सक आवृत्तीपासून पडला. डिसेंबर १९४२ ते डिसेंबर १९४३ या काळाची ‘अ’ संहिता उपलब्ध नसल्याने त्या वर्षापुरते १९४४ मधील लेखनावरच विसंबावे लागते, आणि म्हणून त्यातील नोंदींना त्या त्या दिवशी लिहिलेल्या मजकुराचे वजन देणे योग्य ठरत नाही. युद्धानंतरच प्रचारात आलेल्या बॉलपेनने लिहिलेला मजकूर तीत सापडतो, म्हणून रोजनिशी बनावट आहे, हा आक्षेप मात्र टिकत नाही. तसा मजकूर असलेले दोन चिठोरे दुसऱ्याच्या हातचे असून ते युद्धोत्तर हस्ताक्षरतपासणीच्या वेळचे असावेत.

नॉजवाराद (आता रूमानियातील ओराडिया) येथील तेरा वर्षांच्या एव्हा हेमानच्या रोजनिशीचे हस्तलिखित तर हरवलेच आहे; आईने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मजकुरात आईचा स्वतःचा हात किती, याविषयी मतभेद आहेत. सायकल जप्त झाल्याची ७ एप्रिल १९४४ ची नोंद घटना म्हणून विश्वसनीय वाटते. शब्दयोजना मुलीचीच आहे, असे म्हणण्यास आधार कमी आहे.

पोलंडमधील लॉज शहरातील ज्यू किशोर दाविद शेराकोव्याक याच्या पाचच वह्या उरल्या. बाकीच्या बहुधा सरपण म्हणून जळाल्या, त्यामुळे त्याच्या रोजनिशीतील खंडांवरून त्या महिन्यांविषयी काही अनुमान काढता येत नाही.