फाट्यापासून गावापर्यंत: सायकल रिक्षाला किती वॅट हवेत?

विदर्भातल्या कितीतरी गावांना एसटी फाट्यावरच सोडते. पुढचे दोन-तीन किलोमीटर पायी, नाहीतर ओळखीच्या कुणाच्या मोटारसायकलवर. काळीपिवळी जीप सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही, आणि औषधाची पिशवी घेऊन म्हाताऱ्या माणसाने उन्हात किती वेळ उभं राहायचं? एवढ्या अंतरासाठी सायकल रिक्षाच मला अजूनही योग्य वाटते. फक्त तिने आजवर चालकाच्या पायांकडून न पेलणारं काम करून घेतलं.

हिशेब पाहा. रिक्षा 80 किलो, चालक 60, दोन सवाऱ्या 120. एकूण 260 किलो. चांगल्या सपाट डांबरी रस्त्यावर चाकांना होणारा रोध वजनाच्या साधारण एक टक्का, म्हणजे 2.6 किलो वजनाइतका; बलाच्या एककात 26 न्यूटनच्या आसपास. ताशी 10 किलोमीटरने जायला सुमारे 70 वॅट लागतात. धडधाकट माणूस पॅडल मारून सलग देऊ शकतो साधारण 75 वॅट. म्हणजे जेमतेम जमतं. पण 100 मीटरमागे फक्त 2 मीटर चढ आला, की आणखी 50 न्यूटन लागतात. तेवढ्याच शक्तीत वेग ताशी साडेतीन किलोमीटरवर येतो, आणि चालक खाली उतरून रिक्षा ओढू लागतो.

आपल्याकडे चढ नसला तरी काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा रस्ता खचतो. गिट्टी उघडी पडलेल्या रस्त्यावर रोध सहज तिप्पट होतो. सपाट रस्ताही मग पायांना चढासारखाच लागतो.

त्यात नवतपा, म्हणजे मेअखेरीचे सर्वांत तापलेले नऊ दिवस. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो, उरलेल्याची उष्णता होते. 75 वॅट काम म्हणजे सव्वादोनशे वॅट उष्णता. हवा 45 अंशांवर असते तेव्हा ती त्वचेपेक्षा गरम असते, शरीर उलट तापत जातं. सुटका फक्त घामाची. नुसती पॅडलची उष्णता घालवायला तासाला लिटरचा तिसरा हिस्सा घाम वाळावा लागतो. उन्हाचा भार वेगळाच. हे काम माणसाकडून असंच करून घेत राहणं मला मान्य नाही.

यावर आपल्याकडे विचार झालेला आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी गिअर असलेली सुधारित रिक्षा आणि मोटरची जोड दिलेली रिक्षा तयार केली. 2008 साली दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेची ‘सोलेकशॉ’, म्हणजे सौर विजेची जोड दिलेली सायकल रिक्षा, दिल्लीत रस्त्यावर आली. पुढे बाजार मात्र ई-रिक्षाने घेतला. 2015 च्या कायद्याने तिला 4000 वॅटपर्यंत मुभा दिली. शहरात ती ठीक. पण तिच्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांचंच वजन शंभर किलोच्या घरात जातं, आणि दिवसाला मोजक्याच फेऱ्या मिळणाऱ्या फाट्यावर तिच्या कर्जाचा हप्ता निघणं कठीण.

तिथे सायकल रिक्षाला अडीचशे वॅटची मोटर आणि चार-पाच किलोची लिथियम बॅटरी पुरेशी आहे. अशा बॅटरीत साधारण 500 वॅट-तास मावतात. खराब रस्त्यावर किलोमीटरमागे वीसेक वॅट-तास लागतात. निम्मं काम पायांनी केलं, तर मोटर आणि बॅटरीत वाया जाणारी ऊर्जा धरूनही तीसेक किलोमीटर निघतात. मात्र मागच्या चाकांना ब्रेक हवेतच, कारण बहुतेक भार तिकडे असतो. बॅटरी सुटी निघणारी हवी: उन्हात तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, रात्री ती घरात चार्ज करता यावी.

पहिला प्रयोग शहराच्या चौकात न करता एखाद्या फाट्यावर करावा. तिथला रस्ता एकच, अंतर ठरलेलं, चढ माहीत असलेला; मोटर आणि बॅटरी किती मोठी लागेल, हे आधीच मोजून ठरवता येतं.