मध्य-पृथ्वीवरील योद्ध्यांचा पोशाख

इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांनी ‘द हॉबिट’ (१९३७) आणि तीन खंडांत निघालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या कादंबऱ्यांत मध्य-पृथ्वी हे काल्पनिक जग उभे केले. तेथील निरनिराळ्या लोकांची चिलखते, शिरस्त्राणे, झगे आणि त्यांवरील चिन्हे हा या नोंदीचा विषय आहे. टॉल्किन ऑक्सफर्ड विद्यापीठात अँग्लो-सॅक्सन भाषा-साहित्याचे प्राध्यापक होते. १९१६ साली सोमच्या लढाईत त्यांनी संदेशवहन अधिकारी म्हणून काम केले होते. जुन्या वीरकाव्यांतील शस्त्रास्त्रांची वर्णने त्यांच्या अभ्यासातली होती, आणि प्रत्यक्ष युद्धात माणसाच्या अंगावर काय असते व त्याने किती बचाव होतो, हेही त्यांनी पाहिले होते.

या जगातील मुख्य संरक्षक वस्त्र म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत ओवून केलेले जाळीचे चिलखत. डोक्यापासून पायापर्यंत पोलादी पत्र्यात बंद झालेला सरदार येथे जवळजवळ दिसत नाही. असे पूर्ण पत्र्याचे कवच युरोपात चौदाव्या-पंधराव्या शतकांत रूढ झाले, आणि टॉल्किन यांच्या डोळ्यांसमोर होता तो त्याआधीचा काळ. रोहन या माणसांच्या राज्यातील घोडेस्वारांविषयी एका वाचकाने विचारले, तेव्हा १९५८ साली लिहिलेल्या पत्रात त्यांनी फ्रान्समधील बायो येथील प्रसिद्ध भरतकामाचा दाखला दिला. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, त्याची कथा सुमारे ७० मीटर लांबीच्या लिननच्या पट्टीवर लोकरीच्या धाग्यांनी भरलेली आहे. तेथील सैनिकांचे कपडे रोहनच्या लोकांना बऱ्यापैकी शोभतील, असे त्यांचे मत होते. मात्र त्या सैनिकांच्या अंगावर मोठ्या चौकड्यांचे जाळे दिसते, ती बारीक कड्यांचे चिलखत दाखवण्याची ओबडधोबड खूण समजावी, असेही त्यांनी बजावले.

या चिलखताचे मूळ टॉल्किन यांनी ड्वॉर्फ या बुटक्या, लोहारकामात निपुण लोकांकडे दिले आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सिल्मारिलियन’मध्ये जोडकड्यांचे चिलखत प्रथम बेलेगोस्ट या ड्वॉर्फ नगरीच्या लोहारांनी बनवले, असे म्हटले आहे. ही कारागिरी पुढेही टिकून राहिली. ‘द हॉबिट’च्या शेवटच्या लढाईला येणाऱ्या डाइन या ड्वॉर्फ सरदाराच्या सैन्यात प्रत्येकाच्या अंगात गुडघ्यापर्यंत पोलादी चिलखत आहे आणि पायांत लवचिक धातूजाळीचे मोजे आहेत. ते विणण्याचे गुपित फक्त त्यांच्याच लोकांना ठाऊक. टोप्या आणि जोडे लोखंडाचे, आणि वेणी घातलेल्या दुभंग दाढ्या कमरेच्या पट्ट्यात खोचलेल्या.

या जगातील सर्वांत विख्यात वस्त्र म्हणजे बिल्बो या हॉबिटाला, म्हणजे बुटक्या शांतताप्रिय लोकांपैकी एकाला, मिळालेला मिथ्रिल धातूचा अंगरखा. पूर्वी एल्फ या अमर जमातीतल्या कोणा तरुण राजपुत्रासाठी तो बनवला होता आणि ड्रॅगनच्या खजिन्यातून निघाल्यावर ड्वॉर्फ राजा थोरिनने तो बिल्बोला भेट दिला. मिथ्रिल मिळे मोरिया या ड्वॉर्फ लोकांच्या जुन्या भूमिगत नगरीच्या खाणींत. चांदीसारखे चमकणारे, पण काळे न पडणारे, आणि हलके असूनही पाणी दिलेल्या पोलादाहून कठीण. शायर या हॉबिटांच्या प्रदेशात परतल्यावर बिल्बोने हा अंगरखा काही काळ गावच्या संग्रहालयात ठेवायला दिला होता. नंतर तो बिल्बोचा वारस फ्रोडो याच्याकडे आला. त्याची किंमत साऱ्या शायरहून आणि शायरमधल्या सगळ्या मालमत्तेहून अधिक आहे, हे गँडाल्फ हा मांत्रिक बोलता बोलता सांगतो तेव्हा फ्रोडो हादरतो, कारण त्या क्षणी तोच अंगरखा त्याच्या सदऱ्याखाली असतो.

टॉल्किन यांनी या अंगरख्याला जादूचे कवच होऊ दिले नाही, हे विशेष. मोरियात ऑर्क या शत्रूपक्षाच्या राक्षसी जमातीतल्या एका नायकाचा भाला फ्रोडोच्या कुशीवर बसतो. टोक आत शिरत नाही, पण आतला चामड्याचा सदरा असूनही कड्या मांसात रुततात आणि मोठा काळानिळा डाग उमटतो. खऱ्या कडीच्या चिलखताचे नेमके असेच असे. ते धार अडवते, धक्का अडवत नाही, म्हणून आत चामड्याचे किंवा भरगच्च शिवलेले जाड वस्त्र घालावेच लागे. पुढे हाच अंगरखा कथेची चाके फिरवतो. फ्रोडो पकडला गेल्यावर या अंगरख्याच्या लोभाने ऑर्क आपसांत लढून एकमेकांना मारतात आणि फ्रोडोचा सोबती सॅम याला वाट मोकळी होते. मोर्डोर या शत्रूच्या प्रदेशाच्या दारात त्याचा दूत तोच अंगरखा नाचवून फ्रोडो हाती लागल्याचा देखावा करतो. आणि शायरमध्ये परतल्यावर सारुमान हा फितूर मांत्रिक सुरा खुपसतो, तेव्हा पाते याच कड्यांवर मोडते.

रोहनचे घोडेस्वार पहिल्यांदा दिसतात ते दुरून, हिरव्या गवताळ रानात. हलकी शिरस्त्राणे, त्यांखालून उडणाऱ्या सोनेरी वेण्या, पाठीवर रंगवलेल्या ढाली, अ‍ॅश लाकडाचे भाले आणि गुडघ्यांवर लोंबणारी घासून लखलखीत केलेली चिलखते. राजाचा भाचा एओमेर याच्या शिरस्त्राणावर पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचा तुरा असतो. राज्याचे चिन्ह हिरव्यावर धावणारा पांढरा घोडा. मला या पोशाखातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती त्याची वाटणी. हेल्म्स डीपच्या लढाईआधी राजा थिओडेन पाहुण्यांना आपल्या कोठारातून चिलखते व ढाली देतो. ड्वॉर्फ असलेल्या गिम्लीला स्वतःचे चिलखत असतेच, त्याला मिळते लोखंड आणि चामड्याची टोपी आणि राजासाठी तो लहान असताना बनवलेली ढाल. मेरी या हॉबिटाच्या मापाचे चिलखत कोठारात नसते आणि नवे घडवायला वेळ नसतो, म्हणून त्याला जाड चामड्याचे जाकीट, पट्टा, सुरी, शिरस्त्राण आणि छोटी ढाल मिळते. योद्ध्याचा पोशाख येथे कोणी बाजारातून आणत नाही. तो वारशाने येतो किंवा धन्याच्या हातून मिळतो, आणि घेणारा त्यासोबत निष्ठेचे बंधनही घेतो.

गोंडोर या माणसांच्या प्राचीन राज्यात हे बंधन आणखी जुने आहे. मिनास तिरिथ या राजधानीच्या गडरक्षकांची वस्त्रे काळी. चिलखतावरच्या डगल्यावर चांदीचा मुकुट व अनेक टोकांचे तारे आणि त्यांखाली बहरलेला पांढरा वृक्ष भरतकामात काढलेला असतो. उंच शिरस्त्राणे मिथ्रिलची, गालांवर घट्ट बसणाऱ्या लांब पट्ट्यांची, त्यांवर समुद्रपक्ष्यांचे पांढरे पंख. ही पूर्ववैभवातून उरलेली वारशाची वस्तू आहे. सिंहासन रिकामे, राजा नाही, वृक्ष वाळलेला, तरी पहारेकरी रोज राजघराण्याचाच पोशाख चढवतात. पिपिन हा हॉबिट नोकरीत दाखल होतो तेव्हा त्याला काळ्याभोर कड्यांचे लहान चिलखत आणि कावळ्याच्या पंखांचे शिरस्त्राण देतात. हुद्द्याचा आनंद होतो, पण अंग अवघडते.

त्याच राज्याचे फारामीर या सेनानायकाचे रानातले लोक मात्र हिरव्या-तपकिरी छटांच्या कपड्यांत, हिरवे हातमोजे घालून, चेहरा हिरव्या कापडाने झाकून वावरतात. ही लपण्याची वस्त्रे. लॉरिएन वनातल्या एल्फ लोकांनी दिलेले करडे झगेही याच जातीचे. देतानाच ते सांगतात की हे कपडे आहेत, बाण किंवा पाते अडवणारे चिलखत नव्हे. संपूर्ण पत्र्याच्या जवळ जाणारा एकच ठळक उल्लेख डोल आम्रोथ या गोंडोरच्या किनारी संस्थानातल्या सरदारांचा आहे. राजपुत्र इम्राहिल मृतवत पडलेल्या, थिओडेनची भाची असलेल्या एओविनच्या ओठांपुढे आपले चकचकीत बाहुकवच धरतो आणि त्यावर श्वासाची वाफ धरते, तेव्हा ती जिवंत असल्याचे कळते.

शत्रूकडे चिन्हे आहेत, वारसा नाही. सारुमानच्या ऑर्कांच्या काळ्या ढालींवर छोटा पांढरा हात आणि शिरस्त्राणांवर पांढऱ्या धातूचे एक अक्षर. मोर्डोरच्या सैनिकांवर लाल डोळा. फ्रोडो आणि सॅम मोर्डोरमधून जाताना ऑर्कांचे मळके कातडी कपडे व चिलखत चढवून वेषांतर करतात. त्या ओझ्याने फ्रोडो चालू शकत नाही आणि ते टाकून देतो.

दक्षिणेकडील हारादचे योद्धे लाल वस्त्रे घालतात. एकावर एक चढवलेल्या पितळी पट्ट्यांचे उरस्त्राण, गळ्यात सोन्याचे कडे, काळ्या वेण्यांत गुंफलेले सोने. हे वर्णन सॅमसमोर कोसळलेल्या एका मृत सैनिकाचे आहे, आणि पोशाख पाहता पाहता सॅम त्या माणसाचे नाव काय असेल, तो खरोखर दुष्ट होता का, की घरीच राहायला त्याला आवडले असते, असा विचार करू लागतो. पूर्व आणि दक्षिणेचे लोक या कादंबऱ्यांत बहुधा दुरूनच दिसतात, आणि ही उणीव खरी आहे. पण या एका जागी लेखक त्या वस्त्रांतल्या माणसापर्यंत पोहोचला आहे.

पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटत्रयीने (२००१–२००३) ही वस्त्रे जगभर डोळ्यांसमोर आणली. वेलिंग्टनच्या वेटा वर्कशॉपने प्लॅस्टिकच्या नळ्या कापून कड्या केल्या आणि त्या हाताने ओवून चिलखते बनवली, म्हणजे नटांना दिवसभर अंगावर वागवता यावीत. रोहनचे पोशाख पुस्तकाच्या भावनेच्या जवळ राहिले. गोंडोरच्या सैनिकांना मात्र चित्रपटाने पत्र्याची कवचे दिली. पडद्यावर ती देखणी दिसतात, परंतु त्यामुळे टॉल्किन यांनी योजलेला काळ काही शतके पुढे सरकतो. तिसऱ्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी न्गिला डिक्सन आणि रिचर्ड टेलर यांना २००४ च्या सोहळ्यात ऑस्कर पुरस्कार मिळाला.