पीई फंडांसाठी भांडवल उभारणारी सल्लागार फर्म: अमेरिकेत नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

प्रायव्हेट इक्विटी (पीई) फंडांना, म्हणजे गुंतवणूकदारांचा पैसा गोळा करून बहुधा खासगी कंपन्यांत गुंतवणाऱ्या फंडांना, गुंतवणूकदार मिळवून देणाऱ्या, किंवा जुन्या गुंतवणूकदाराचा फंडातला हिस्सा सेकंडरी बाजारात विकून देणाऱ्या स्वतंत्र फर्म स्वतःला सल्लागार म्हणवतात. अमेरिकेतला कायदा पाटी पाहत नाही, मोबदला पाहतो. सौदा झाला तरच टक्केवारीने फी मिळणार असेल, तर १९३४ च्या सिक्युरिटीज एक्स्चेंज अ‍ॅक्टनुसार ब्रोकर-डीलर (रोख्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करणारी फर्म) म्हणून नोंदणी लागेल, हे धरूनच चालावे.

पात्रतेत पहिली चाळणी माणसांची. गेल्या १० वर्षांत गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती साधारणपणे अपात्र ठरते. फर्मकडे किमान दोन नोंदणीकृत प्रिन्सिपल, म्हणजे देखरेख करणारे अधिकारी, हवेत (सामान्यतः सिरीज २४ ही परीक्षा उत्तीर्ण), शिवाय हिशेबाची जबाबदारी घेणारा, सिरीज २७ किंवा २८ परीक्षा दिलेला.

खरी गोची विक्री करणाऱ्यांच्या परीक्षेत आहे. एसआयई ही रोखे व्यवसायाची प्राथमिक परीक्षा सगळ्यांनाच लागते. तिच्या जोडीला बरेच जण सिरीज ८२ देतात, कारण ती खासगी विक्रीपुरतीच आणि तुलनेने आटोपशीर. पण ती फक्त नव्या फंडाच्या उभारणीला चालते. आधीच विकलेल्या हिश्श्याच्या पुनर्विक्रीला नाही. सेकंडरीचे काम करायचे असेल तर सिरीज ७ या अधिक व्यापक परीक्षेचा विचार आधीच करा. मंजुरीनंतर हे लक्षात आले तर अर्धा धंदा अडकून पडतो.

एसईसीकडे (अमेरिकेचा रोखे बाजार नियामक) फॉर्म बीडी आणि फिन्राकडे (ब्रोकर-डीलरांवर नियंत्रण ठेवणारी स्वनियामक संस्था) फॉर्म एनएमए असे दोन अर्ज. सोबत प्रत्येकाचा फॉर्म यू४ (व्यक्तीच्या नोंदणीचा अर्ज) आणि बोटांचे ठसे, लेखी देखरेख नियमावली, मनी लाँडरिंगविरोधी कार्यक्रम, भांडवल कुठून आले याचा पुरावा, आणि पहिल्या १२ महिन्यांच्या जमाखर्चाचा महिनावार अंदाज. ग्राहकांचे पैसे वा रोखे हाताळत नसाल तर किमान निव्वळ भांडवल ५,००० डॉलर. आकडा किरकोळ वाटतो, पण तेवढ्यावर फर्म चालेल असे अधिकाऱ्यांना पटवणे कठीण. बिझनेस प्लॅन मोघम असेल तर प्रश्नांच्या फेऱ्या वाढतात.

एसईसीला निर्णयासाठी ४५ दिवस, फिन्राला साधारण १८० दिवस. फिन्राचे सदस्यत्व आणि संबंधित राज्यांची नोंदणी हातात येईपर्यंत व्यवसाय सुरू करता येत नाही.

सरकारी पेन्शन फंडांकडे जाणार असाल तर नियम आणखी कडक. कॅलिफोर्नियात २०११ पासून राज्याच्या पेन्शन फंडांकडून गुंतवणूक मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला (प्लेसमेंट एजंट) लॉबिस्ट, म्हणजे सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकण्याचे काम पैसे घेऊन करणारा, म्हणून नोंदणी करावी लागते, आणि लॉबिस्टला यशावर अवलंबून फी घेता येत नाही. फिन्राच्या नियम २०३० नुसार, फर्मने किंवा तिच्या ठरावीक कर्मचाऱ्यांनी सरकारी पेन्शन फंडाच्या निर्णयांवर प्रभाव असलेल्या नेत्याला मर्यादेबाहेर देणगी दिली, तर त्या सरकारी संस्थेकडून गुंतवणूक मिळवून देण्याचे सशुल्क काम दोन वर्षे बंद. नोकरीवर येण्याआधी दिलेली देणगीही यात मोजली जाऊ शकते. म्हणून नेमणुकीपूर्वीच उमेदवाराकडून देणग्यांची यादी लेखी घ्या.