एमपी४ म्हणजे डबा, एच.२६४ म्हणजे कुंदा

‘फाइल एमपी४च आहे की, मग टीव्हीवर का लागंना?’ शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक झाली, तिचे व्हिडिओ पेनड्राइव्हवरून घरोघरी गेले, की बेळगावात आठवडाभर हे ऐकावं लागतं. आवाज येतो, चित्र काळं. शिव्या पेनड्राइव्हला.

जेपीईजी-पीएनजीचं तुम्हाला ठाऊकच आहे: फोटोला जेपीईजी, अक्षरं आणि लोगो असतील तिथं पीएनजी. पुढं चला.

घोळ आहे तो एमपी४ आणि एच.२६४ यांचा. एमपी४ हा नुसता डबा. मिठाईचा खोका घरी आला, तर आत कुंदा आहे की गोकाकचा करदंट, हे झाकणावरून कळतं का? एमपी४च्या डब्यात चित्र, आवाज, कधी सबटायटल्स आणि कुठल्या क्षणी काय दाखवायचं याची नोंद असते. चित्र दाबून लहान करायची रीत, म्हणजे कोडेक, ही निराळी गोष्ट. २००३ सालचा एच.२६४ हा कोडेक जवळपास सगळीकडं चालतो. २०१३चा एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, तेवढ्याच दर्जाला साधारण निम्मी जागा घेतो, पण तो उलगडायची सोय जुन्या टीव्हीत नसते. टीव्ही डबा उघडतो, आवाज त्याला समजतो, चित्र समजत नाही. म्हणून काळा पडदा.

यावर एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलीच्या नावाचं शेपूट, तेवढं बदलणारे महाभाग आहेत. अहो, खोक्यावरची चिठ्ठी बदलून करदंटाचा कुंदा होतो होय?

आत एच.२६४च असेल आणि टीव्हीला फक्त एमकेव्ही हा दुसऱ्या जातीचा डबा नको असेल, तर माल तसाच उचलून एमपी४मध्ये ठेवता येतो. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅमला ‘कॉपी’ सांगा; काम झटक्यात होतं, दर्जा तसूभर घटत नाही. कोडेकच चालत नसेल तर मात्र चित्र पुन्हा दाबावं लागतं. त्यात वेळ जातो, थोडा दर्जाही जातो. पहिल्या कामासाठी दुसरा उपाय करून लग्नाचा अख्खा व्हिडिओ पिठूळ करणारे कन्व्हर्टरवाले मला बघवत नाहीत.

आयफोनच्या एचईआयसी फोटोंचंही हेच: डबा एचईआयएफचा, आत एचईव्हीसीनं दाबलेलं चित्र.

लग्नाच्या फाइली मी एच.२६४मध्येच देतो, जागा दुप्पट लागली तरी चालेल. खानापूरच्या आज्जीचा टीव्ही जुना असतो. तुम्हीही ऑर्डर देताना नुसतं ‘एमपी४ द्या’ म्हणू नका, कोडेकचं नाव सांगा. हातातल्या फाइलीत काय आहे ते बघायला संगणकावर ती व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडून कंट्रोल-जे दाबा.