देवाच्या नावावर मिळालेली रात्र

तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आदल्या रात्री नाशिकमधून त्र्यंबकच्या जादा एसट्या सुटतात. त्यात निम्म्याहून जास्त पोरं असतात. अर्धी चड्डी, डोक्याला रुमाल, खांद्यावर पिशवी, काहींचे पाय अनवाणी. कुशावर्तात डुबकी मारायची आणि रात्रभर ब्रह्मगिरीची फेरी घालायची. लहान फेरी साधारण वीस किलोमीटरची, मोठी चाळीसच्या घरातली. पावसाचा, चिखलाचा, काट्यांचा आणि अंगठा ठेचकाळण्याचा यात अंतर्भाव आहेच. नाशिकच्या किती जणांनी आयुष्यातली पहिली घराबाहेरची रात्र या फेरीत काढली असेल, याची मोजदाद कुणी केलेली नाही. माझी मात्र तिथेच गेली. ‘मित्रांबरोबर रात्रभर बाहेर राहणार आहे’ असं सांगितलं असतं तर वडिलांनी दारातच अडवलं असतं. ‘फेरीला चाललोय’ म्हटल्यावर आईने उपासाचा चिवडा बांधून दिला.

आज शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर ‘उद्या हरिहर?’ एवढा निरोप येतो, पहाटे चारला गडाच्या वाटेने गाड्या निघतात, दुपारी मिसळ होते आणि रात्री कुणाच्या तरी मोकळ्या फ्लॅटवर तोंडपाठ झालेला सिनेमा अठराव्यांदा लागतो. हे सगळं नव्या पिढीचं, नोकरदारांचं, मोबाइलच्या जमान्याचं खूळ वाटतं. पण थोडं मागे जाऊन बघितलं तर मित्रांची सहल आणि घरातला रात्रीचा सिनेमा, दोन्ही एकाच दाराने घरात शिरलेले दिसतात. ते दार देवघराचं आहे.

सुरुवात रविवारापासूनच करू, कारण सुट्टीच नसेल तर सहल कसली? मुंबईच्या गिरण्यांमध्ये आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि बाकीच्या मागण्यांबरोबर ही मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. दुसऱ्या वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. रविवार हा ख्रिस्ती साहेबाचा प्रार्थनेचा दिवस होता हे खरं, पण कामगारांच्या बाजूने तो खंडोबाचा वार होता आणि मागणीला त्याचंही बळ मिळालं असं आपल्याकडे सांगितलं जातं. मला ही गोष्ट फार आवडते. ज्या देवाचं मुख्य व्रतच रात्र जागवण्याचं, जागरण-गोंधळाचं, त्याच्या वाराला सुट्टी मिळाली.

शनिवार मिळायला त्यानंतर पुष्कळ काळ गेला. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा १९८५ मध्ये मिळाला, महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना थेट २९ फेब्रुवारी २०२० पासून. त्या बिचाऱ्यांनी दोन-तीन शनिवार जेमतेम उपभोगले असतील. महिना भरायच्या आत टाळेबंदी लागली आणि सगळं राज्यच घरी बसलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्याला मात्र ‘वीकएंड’ हा शब्द आजही दुसऱ्याचाच वाटतो. त्याची सहल त्याच्या पाळीप्रमाणे ठरते, आणि रात्रपाळी करून थेट गडावर निघणारे मी पाहिले आहेत.

मोटारसायकल सर्रास होण्याआधी नाशिककरांच्या सहलीच्या जागा ठरलेल्या होत्या. सोमेश्वर, पांडवलेणी, वणीची सप्तशृंगी, फार तर अंजनेरी. सायकलने किंवा एसटीने जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. यादी नीट बघा: महादेव, पांडव, देवी, हनुमान. पांडवलेण्यांचा पांडवांशी काहीएक संबंध नाही, ती चोवीस बौद्ध लेणी आहेत आणि तिथले सातवाहन-क्षत्रपांचे शिलालेख इतिहासाच्या अभ्यासकांना पाठ असतात; पण लोकांनी डोंगर चढायला कारण म्हणून पांडवच आणले. रामशेज म्हणजे रामाची शेज, तिथे राम झोपला म्हणून जायचं. संभाजीराजांच्या काळात याच किल्ल्याने मोगली फौजेला वर्षानुवर्षं दाद दिली नाही, हे आमच्या वेळच्या पोरांना फार उशिरा कळलं. साल्हेर हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. त्याच्या माथ्यावर परशुरामाचं देऊळ. ‘ट्रेक’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून माणसं हे सगळं चढत होती, नारळ घेऊन.

१९८५ मध्ये हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली. कमी पेट्रोलमध्ये लांब जाता येऊ लागलं, दोघांत कॉन्ट्री निघू लागली आणि घोटी, इगतपुरी, भंडारदरा, वैतरणा हे सगळं एका दिवसाच्या टप्प्यात आलं. इथे देवाचं बोट सुटायला लागलं. हरिहरच्या कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्या चढायला आज कुणी हनुमानाचं निमित्त सांगत नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातल्या बऱ्याच किल्ल्यांच्या वाटा उडवल्या, हरिहरच्या पायऱ्या मात्र राहिल्या. आता पावसाळ्यातल्या रविवारी त्याच पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात. खोबणीत बोटं घालून अर्धा तास उभं राहायचं, वरच्याने खालच्याला शिव्या द्यायच्या आणि त्या रांगेतही कुणीतरी फोटोसाठी थांबायचं. शनिवार-रविवार सोडून जा एवढंच सांगता येईल, पण ते सांगून उपयोग काय?

आता सिनेमाकडे. नाशिकच्या माणसाने सिनेमावर बोलायचं म्हणजे फाळके आलेच. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. म्हणजे ज्या गावातून फेरी सुटते त्याच गावचा. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. तो सिनेमा अक्षरशः घरात तयार झाला होता. दादरच्या घरात कच्च्या फिल्मला भोकं पाडायची, ती धुवायची ही कामं सरस्वतीबाई फाळके घरच्या रांधण्या-वाढण्याबरोबर करत होत्या. त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड आणि स्टुडिओ दोन्ही नाशिकला हलवले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी, भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया त्या. त्याआधी तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं होतं, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर हेच साळुंके रामही होते आणि सीताही. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशकात सुरू झाली. ‘कालिया मर्दन’चा कृष्ण म्हणजे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळके नाशिकमध्येच गेले. त्यांचं स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे शाळेच्या सहलीत लेणी आणि सिनेमा हे एकाच डब्याबरोबर उरकले जातात.

फाळक्यांना सिनेमा खपवायला पुराणं लागली, हे नेहमी त्यांच्या धार्मिकतेच्या खात्यात टाकलं जातं. मला त्यात परवानगीचा भाग जास्त दिसतो. अंधाऱ्या खोलीत परक्या माणसांबरोबर बसून चित्रं बघायला चांगल्या घरातली माणसं कशी येणार? रामाचं दर्शन म्हटल्यावर आली.

घरातला सिनेमाही तसाच आला. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर. तो विकत घेण्याची ऐपत गल्लीत एखाद्याची. बाकीच्यांनी तो भाड्याने आणायचा: एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, चोवीस तासांसाठी. पण एरवी कोण आणू देणार? निमित्त लागायचं, आणि सर्वांत सोयीचं निमित्त कोजागरी. त्या रात्री जागायचंच असतं. को जागर्ति, कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात गच्चीवर मसाला दूध उकळायचं आणि खाली चौकात, स्टुलावर, टीव्ही मांडलेला असायचा. चंद्र वर एकटाच. पहिली कॅसेट नेमाने देवाधर्माची किंवा निदान कौटुंबिक, म्हातारी माणसं झोपेपर्यंत. दुसरी मारधाडीची. तिसरी पहाटे, फक्त पोरांसाठी. तिच्याबद्दल सकाळी कुणी काही बोलत नसे.

कॅसेट साधारण तीन तासांची. हिंदी सिनेमा त्यापेक्षा लांबला तर लायब्ररीवाला एखादं गाणं उडवायचा, नाहीतर शेवटच कापला जायचा. एका सिनेमात खून कुणी केला हे मला पुढे कित्येक वर्षं माहीत नव्हतं. चित्र मुंग्या-मुंग्या दिसायला लागलं की हेड पुसायचं. त्यासाठी कोरी करकरीत नोट सर्वांत चांगली असं आमच्यातला जाणकार म्हणायचा. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापणाऱ्या गावात असं ज्ञान उपजतच असतं. रिवाइंड न करता कॅसेट परत दिली की लायब्ररीवाला कुरकुर करायचा.

या चोवीस तासांतच ‘कल्ट’ची, म्हणजे भक्तिभावाने पुन्हा पुन्हा बघितल्या जाणाऱ्या सिनेमाची, बी आहे. भाडं पूर्ण दिवसाचं भरलेलं, तर कॅसेट एकदाच का बघायची? दुपारी पुन्हा लावायची. रात्री ज्यांचा डोळा लागला होता त्यांना जागे राहिलेले आधीच संवाद म्हणून दाखवायचे. पाठांतर आपल्या हाडात आहेच. आरती कुणी पुस्तकात बघून म्हणतं का?

कल्ट सिनेमा ही कल्पना अमेरिकेतल्या मध्यरात्रीच्या खेळांमधून आली. न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरात १९७० च्या डिसेंबरात ‘एल टोपो’ मध्यरात्री लागायला लागला आणि महिनोन्‌महिने चालला. १९७५ मध्ये आपटलेला ‘रॉकी हॉरर पिक्चर शो’ पुढच्या वर्षी तिथल्याच वेव्हर्लीमध्ये मध्यरात्री लागला. लोक पात्रांसारखे कपडे घालून जाऊ लागले आणि पडद्याला उलट उत्तरं देऊ लागले. तिकडे मध्यरात्र थिएटरात होती. आपल्याकडे तेव्हा सर्कल, हेमलता, मधुकर, विजयानंद, कुठल्याही थिएटरात गेलात तरी शेवटचा खेळ नऊ ते बारा. बारानंतर वॉचमन कुलूप लावायचा. म्हणून आपली मध्यरात्र घरी आली, चटईवर.

आपल्याकडच्या कल्टचा प्रवास बहुतेक वेळा असा झाला: थिएटरात दुर्लक्ष, मग टीव्ही आणि कॅसेट, मग पाठांतर. ‘जाने भी दो यारो’ १९८३ चा, एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांवर केलेला. ‘अंदाज अपना अपना’ १९९४ च्या नोव्हेंबरात आला आणि फारशी गर्दी न जमवता गेला. एप्रिल २०२५ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा प्रेक्षक पडद्याच्या एक शब्द पुढे होते. ‘अशी ही बनवाबनवी’ची गोष्ट वेगळी. तो १९८८ मध्येच तुफान चालला होता. काही जण म्हणतात की हिट सिनेमाला कल्ट म्हणू नये. मला हा नियम पटत नाही. ज्या सिनेमातलं अर्धं वाक्य रिक्षात उच्चारलं की अनोळखी माणूस उरलेलं अर्धं पुरं करतो, त्याला दुसरं काय म्हणायचं?

या तिन्हींपैकी दोघांत फाळके लपलेले आहेत. ‘जाने भी दो यारो’चा कळस म्हणजे रंगमंचावर चाललेलं द्रौपदी वस्त्रहरण, ज्यात द्रौपदीच्या जागी प्रेत आहे. ‘बनवाबनवी’त सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून येतात, तेव्हा साळुंक्यांची तारामती पंचाहत्तर वर्षांनी पुन्हा पडद्यावर येते, फक्त या वेळी सगळ्यांना हसायची मुभा आहे. पुराण आणि पुरुषाची साडी, सिनेमाने पहिल्याच वर्षी वापरलेलं भांडवल. पोरं रात्री दोनला त्यावरच लोळतात.

पुढचं भराभर झालं. केबल आली. मग सीडी: एका तबकडीवर सव्वा तासाचा ऐवज, त्यामुळे मध्यंतर कुठे पडेल ते तबकडी ठरवायची. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांत सीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली आणि लायब्रऱ्या ओस पडल्या. पेन ड्राइव्ह हातोहात फिरले. २०१६ मध्ये जानेवारीत नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरात जिओ. आता बघायला इतकं आहे की काय बघायचं यावर चाळीस मिनिटं वाद होतो आणि शेवटी तोच जुना सिनेमा लागतो.

सहलीचीही दिशा उलटली. नाशिकची पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला गेली आणि शुक्रवारी रात्री पाहुण्यासारखी घरी यायला लागली. मुंबईची माणसं इकडे सहलीला येऊ लागली. सुलाची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली, पुढच्या वर्षी राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं आणि गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवारी मुंबईच्या नंबरांच्या गाड्या दिसू लागल्या. इगतपुरीत तर गंमतच आहे. १९७६ पासून तिथल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात माणसं दहा दिवस मौन पाळायला येतात, आणि आसपासच्या डोंगरांत भाड्याच्या बंगल्यांवर प्रोजेक्टर लावून मित्रमंडळी रात्र जागवतात.

प्रोजेक्टर आला म्हणजे चक्र फिरून गणपतीच्या मांडवापाशी आलं. तेव्हा मंडळाची पोरं रस्त्यात पांढरा पडदा बांधायची, सोळा मिलिमीटरचं यंत्र खडखडायचं आणि ज्यांना पुढे जागा मिळायची नाही ते पडद्यामागे बसून उलटा सिनेमा बघायचे. डावखुरा नायक, उलटी पाटी. गेल्या दिवाळीत भाच्याने गच्चीवर चादर बांधली, तेव्हा मी सवयीने मागे जाऊन बसलो. चादर जाड होती, काही दिसलं नाही.

तोच भाचा मागच्या शनिवारी पहाटे मित्रांबरोबर साल्हेरला निघाला. कुणाची गाडी, कोण कोण आहे, परत कधी येणार, असल्या प्रश्नांना त्याने नीट उत्तरं दिली नाहीत. बहिणीने शेवटी एवढंच विचारलं, ‘‘वर देऊळ आहे ना?’’

‘‘आहे. परशुरामाचं.’’

‘‘मग नारळ ने,’’ ती म्हणाली, आणि दार उघडलं.